बूड बघणारी

३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून लिहितेय. रक्तदाब वर गेलाय म्हणाल्या. "राग येतो का?" असं विचारलं. मी म्हटलं, "येतो कसला, मुक्कामालाच असतो." त्या हसल्या असतील, पण तोंडावर मास्क होता. तोंड बांधून बोलणाऱ्या माणसाचं काय कळणार? दर वाक्याला "काय?" म्हणायची वेळ आली. शेवटी त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहून दिलं: मीठ कमी, रोज चालणं, राग आला की वहीत उतरवणं.

तर उतरवते. सकाळी लेकीचा राग आला, कारण ती पाठ करून बोलते आणि मग "आई, सांगितलं होतं ना" म्हणते. ह्यांचा आला, कारण हे टीव्हीचा आवाज बारीक करून बसतात आणि मी वाढवला की कपाळाला आठ्या घालतात. बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांचा आला, कारण हल्ली प्लास्टिक इतकं पातळ करतात की बाटलीला आवाजच उरला नाही. आणि धाकटीचा. तो रोजचाच.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर नोकरीसाठी दूर असतात, ती पलीकडच्या गल्लीत एकटी राहते, आणि आम्ही दोघी मिळून सासूबाईंची शेड चालवतो. जुन्या बाटल्यांचे गठ्ठे येतात. आम्ही त्या प्लास्टिकच्या जातीप्रमाणे निवडतो, ग्राइंडरमध्ये चुरा करतो, धुतो आणि धागेवाल्यांना पाठवतो. ते चुरा वितळवून धागा काढतात. सगळी मेख निवडण्यात आहे. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या 'पेट' नावाच्या प्लास्टिकच्या. फरशी पुसायच्या द्रावाच्या बऱ्याचशा पीव्हीसीच्या. दोन्ही काचेसारख्या स्वच्छ, दोन्ही पाण्यात बुडतात, म्हणजे टाकीत टाकून वेगळ्या होत नाहीत. दुधी बाटल्या बिचाऱ्या तरंगतात, त्यांचा त्रास नाही. पण पेटच्या ढिगात पीव्हीसी गेली की वितळताना ती जळते, काळी पडते, यंत्र गंजवणारी वाफ सोडते आणि सगळ्या धाग्याचा सत्यानाश करते.

सासूबाईंनी शिकवलं होतं: डोळे पुढच्या बाटलीवर, हात ह्या बाटलीवर, निकाल कानाचा. मुठीत दाबली की पेट कडकड बोलते. पीव्हीसी भद् करते, जेवून सुस्तावलेल्या माणसासारखी. "डोळे फसतात, कान फसत नाही," असं त्या म्हणायच्या. तेही ओरडून. साधं 'दार लाव' म्हणायचं तरी चार घरं दचकायची. नांदायला आल्यापासून त्यांचा आवाज मी सोसला. त्यांच्यानंतर कान मात्र माझाच. शेडमध्ये सगळ्या मानतात.

धाकटी बाटली दाबते, आणि वर उलटी करून बूडही बघते. पेटच्या बुडाला मधोमध टिंब असतं, पीव्हीसीच्या बुडाला आडवी शिवण. हे काय, पोरंसोरंही ओळखतील! मी तिला 'बूड बघणारी' म्हणते. ती हसते. तिच्या हसण्याचाही राग येतो. सासूबाई शेवटी शेवटी हिलाच शेजारी बसवायच्या, मांडीला मांडी लावून. मी थोरली, मी टेबलाच्या त्या टोकाला. असो.

असो म्हटलं की राग कमी होतो म्हणतात. होत नाही.

५ फेब्रुवारी

धागेवाले आज स्वतः आले. हातात पत्र्याचा ट्रे. आमच्या चुऱ्यातली मूठभर ते भट्टीत भाजून बघतात. पेट पांढरट होतं, पीव्हीसी काळं. ट्रेमध्ये साखरेत मुंग्या निघाव्यात तसे काळे ठिपके.

"बाई, हे काय?"

मी म्हटलं, "आमचं नसेल."

"गोणीवर तुमची खूण आहे. मग काय माझ्या भट्टीनं जादू केली?" माणूस तसा सज्जन, सासूबाईंच्या वेळेपासूनचा. पण आज ट्रे टेबलावर आपटला. "तुमच्या सासूबाईंच्या हयातीत असा माल कधी आला नाही. मी एक वेळ समजून घेईन. यंत्राचा गळा गंजला तर माझे भागीदार समजून नाही घेणार. आणखी एकदा असं झालं की मी दुसरीकडून माल उचलणार."

त्यांनी उचलला नाही तर शेड बंद. दुसरा कोण घेतो इथे? टेबलावरच्या बाया घरी, ह्यांचा टेम्पो दारात, आणि सासूबाईंनी हातानं उभं केलेलं सगळं माझ्या काळात बुडालं असं लोक म्हणणार.

ते गेल्यावर मी सगळ्यांना उभं केलं. "कुणाच्या क्रेटमधून गेली पीव्हीसी?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. टेबलावरची हसरी, जी एरवी मयतातही हसेल, तिनंसुद्धा मान खाली घातली. धाकटी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

कानावर भरवसा नसलेलं माणूस चुकणारच.

६ फेब्रुवारी

गजर वाजला नाही. उठायला उशीर. मी घड्याळ फेकून दिलं. हे म्हणतात, "वाजला गं. बराच वेळ वाजला, शेवटी मी बंद केला." घड्याळ ह्यांनी आणलेलं, मग बाजू घेणारच.

९ फेब्रुवारी

पकडली!

दुपारी मी बाहेरून हात धुऊन आले तर धाकटी माझ्या क्रेटवर वाकलेली. माझ्या! मी निवडलेल्या बाटल्या उलट्या करून बघत होती. हातात दोन होत्या, त्या चटकन पदराआड केल्या.

"काय चाललंय?"

"काही नाही, वहिनी. झाकण राहिलं होतं एकाला."

"झाकण राहिलं होतं की मी राहिले होते? माझं काम तपासणार तू? बूड बघणारी!"

हसरी फिस्सकन हसली, मग तोंडावर हात. धाकटीनं त्या दोन बाटल्या गुपचूप पलीकडच्या पीव्हीसीच्या पिंपात टाकल्या. मी बघितलं. म्हणजे माझ्या क्रेटमध्ये स्वतःच्या बाटल्या आणून टाकायचा बेत असणार, आणि माझी चाहूल लागल्यावर फिरवला. एवढं कपट! सख्खी जाऊ!

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे बघून काहीतरी पुटपुटले. नवरा म्हणजे भिंतीशी बोलणारा आणि बायकोला उत्तर न देणारा प्राणी.

१० फेब्रुवारी

लेकीनं माझ्या ताटाशेजारी कानाच्या डॉक्टरांचं कार्ड ठेवलं. दिवसभर कानात ते बोंडूक खुपसून गाणी ऐकते, दुसरं काय होणार? म्हटलं, "दुखतंय का? जाऊन ये बाई, वेळेत दाखवलेलं बरं." ती माझ्याकडे बघत राहिली आणि ताट अर्धं टाकून उठली. आता कुठे काळजी केली, तरी राग. ही पोरं!

१३ फेब्रुवारी

मेस्त्री येऊन ग्राइंडर बघून गेला. मी त्याला शाबासकी दिली, मागच्या वेळी पाती बसवल्यापासून यंत्र कसं गरीब गायीसारखं चालतंय म्हणून. तो माझ्याकडे आणि मग धाकटीकडे बघून डोकं खाजवायला लागला. कुणी कौतुक केलं की माणसं अशी गोंधळतात.

हसरी आणि बाकीच्या यंत्राजवळ जाताना कानात कापूस कोंबतात. नाजूक जमाना. मी जन्मात कोंबला नाही. कान बंद केले तर निवडायचं कशानं?

१४ फेब्रुवारी

आज कळून चुकलं. शेडमध्ये माझ्यामागे कट चाललाय.

मी टेबलाजवळ गेले की ओठ हलतात आणि आवाज बंद. मी दूर गेले की पुन्हा हलतात, आणि हसतात. हसरीला विचारलं, "काय बोलत होतीस?" तर म्हणे, "काही नाही, पोराच्या शाळेचं." पोराच्या शाळेचं काय कुजबुजायचं? सगळ्यांना धाकटीनं फितवलंय. ती कुणाशीही बोलते तेव्हा कशी अगदी तोंडासमोर तोंड नेऊन, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. माझ्याशीही तसंच बोलते, जशी मी अडाणी आहे. पूर्वी सासूबाईंशी बोलायची अगदी तश्शी. तेव्हाही मला तो लाडीगोडीचा प्रकार वाटायचा.

मी तिला टेबलावरून उठवलं. "उद्यापासून तू टाकीवर. चुरा धू. बुडं बघायचीत ना, टाकीचं बूड बघ."

तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण रडली नाही. "वहिनी, माझी जागा रिकामी ठेवू नका. हसरीला तरी तुमच्या शेजारी बसवा."

"माझ्या शेजारी कुणी नको. माझा कान पुरेसा आहे."

बोलताना बरं वाटलं. आता लिहिताना तेवढं वाटत नाही. टाकीचं पाणी थंड असतं आणि तिच्या बोटांना भेगा पडतात. पण हे तिनं आधी बघायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन शेडच्या पायरीवर बसले. पूर्वी ह्या वेळेला पत्र्यावर चिमण्यांचा नुसता कालवा असायचा. सासूबाई गेल्या त्या दिवशी इथेच बसले होते आणि चिमण्या ओरडत होत्या. मला वाटलं होतं, ह्या पाखरांना कुणी सांगितलं नाही का? रागावलेच होते त्यांच्यावर. आता तर त्याही गेल्या. कधी गेल्या ते कळलंसुद्धा नाही. माणसांनी हवेत विष कालवलंय, पाखरं राहतील कशाला?

ह्यांना म्हटलं, "चिमण्या संपल्या हो सगळ्या." ह्यांनी पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, दिवसाढवळ्या असा हात कधी ठेवला नव्हता. कसला धक्का बसला असेल ह्यांना चिमण्यांचा?

२० फेब्रुवारी

माल गेला. सगळं पेट मी एकटीनं निवडलं. बाकीच्यांना फक्त दुधी आणि रंगीत दिलं. खांदे भरून आलेत, पण मन शांत आहे. आता कुणी बोट दाखवून बघावं.

डॉक्टरीणबाई, लिहून घ्या: आज राग नाही.

२४ फेब्रुवारी

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

माल परत आला. सगळा. धागेवाल्यांनी ट्रे आपटला नाही, हळूच ठेवला, ते जास्त लागलं. मुंग्या नाहीत आता, वारूळच. मागच्यापेक्षा कितीतरी जास्त.

"बाई, मी आता येणार नाही," म्हणाले.

मी हातापाया पडायची बाकी राहिले. शेवटी म्हणाले, "तुमच्या सासूबाईंकडे बघून शेवटचा एक माल घेईन. मी स्वतः इथे येऊन भाजून बघेन, तुमच्या डोळ्यांदेखत. ठिपका दिसला की राम राम."

ते वळले आणि माझं डोकं फिरलं. एकटीनं निवडलेल्या मालात पीव्हीसी येते कुठून? टाकीवरून! चुरा धुवायला कोण होतं? मी थेट टाकीवर गेले. धाकटीचे हात कोपरापर्यंत पाण्यात.

"सूड घेतलास ना? टेबलावरून उठवली म्हणून चुऱ्यात चुरा मिसळलास ना?"

"वहिनी..."

"सासूबाई तुला मांडीला मांडी लावून बसवायच्या ते हेच शिकवायला का? नवरा घरी नाही म्हणून तुला ह्या शेडमध्ये आसरा दिला..." आणि मग मी जे बोलले ते लिहिणार नाही. तिला मूल नाही त्यावरून बोलले. कागदावर सगळं उतरवा म्हणतात, पण हे उतरत नाही.

टाकी आणि ग्राइंडर शेजारी शेजारी, यंत्र चालू. तिनं मान खाली घातली आणि काहीतरी बोलली. बरंच बोलली. ओठ हलत होते.

मी ओरडले, "तोंड वर करून बोल!"

तिनं तोंड वर केलं. माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "काही नाही."

पदराला हात पुसून निघून गेली. हसरीनं रडत यंत्र बंद केलं. हे टेम्पोत बसून राहिले, उतरलेच नाहीत. सगळे माझ्यावर चिडलेत. चिडू दे. धुतल्या तांदळासारखी मी एकटीच आहे इथे.

२६ फेब्रुवारी

घरात कुणी बोलत नाही. लेकीचे ओठसुद्धा हलत नाहीत.

२८ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. रागाच्या भरात पुढेमागे होईल म्हणून सावकाश लिहिते.

धाकटी गेल्यावरही मी तिला धडा शिकवायचं ठरवलं होतं. तिचं कपट सगळ्यांसमोर सिद्ध करायचं. टेबलावर मी एकटीनं निवडलेला नवा पेटचा ढीग होता. तो अजून ग्राइंडरमध्ये गेला नव्हता, टाकीत गेला नव्हता, धाकटी तर चार दिवसांत फिरकलीही नव्हती. म्हटलं, ह्यातल्या बाटल्या तपासून दाखवते सगळ्यांना, की माझ्या हातून जातात तेव्हा कशा निर्मळ जातात.

सासूबाईंचा जुना उपाय होता, शंका असली तर. तांब्याची तार गॅसवर लाल करायची, बाटलीला टेकवायची, तारेला थोडं प्लास्टिक चिकटलं की ती परत ज्योतीत धरायची. पेट असेल तर ज्योत साधी. पीव्हीसी असेल तर हिरवी.

हसरीला आणि बाकीच्यांना गोळा केलं. ढिगातून हाताला येईल ती बाटली उचलली. साधी ज्योत. दुसरी, साधी. "बघा," म्हटलं. पुढची टेकवली, तार आत धरली, आणि ज्योत हिरवी झाली. पोपटासारखी हिरवी.

तीच बाटली पुन्हा टेकवली, पुन्हा हिरवी.

मी म्हटलं, "कुणी टाकली ही इथे?" पण सगळ्यांचे हात रिकामे होते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात नवल नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला. नवल का नाही ह्यांना?

मी त्यांना घरी पाठवलं. दार लोटलं. ती बाटली उलटी केली. बुडाला आडवी शिवण, हे लांबलचक हसू काढावं तशी. ढिगातून आणखी एक काढली, तिच्या बुडाला टिंब. दोन्ही पाठीमागे धरल्या, हातांची अदलाबदल केली, डोळे मिटले. एक दाबली.

भद्.

दुसरी दाबली.

भद्.

पुन्हा अदलाबदल. पुन्हा. कानाजवळ आणली. प्लास्टिकची कड गालाला लागली, मुठीला बाटलीचा कडकडाट जाणवत होता, हाताच्या हाडांना कळत होता. कानात मात्र नुसतं भद्. कुणीतरी दोन्ही बाटल्यांवर रजई घातल्यासारखं.

मी त्या दोन्ही भिंतीवर फेकल्या. पिंपाला लाथ मारली. पिंप आडवं झालं आणि घरंगळत गेलं, इतकं मोठं पत्र्याचं पिंप, आणि मला वाटलं, किती हळू पडलं हे.

मग बाहेर हसरी उभी दिसली. घरी गेली नव्हती. तिला विचारलं, "ग्राइंडर हल्ली शांत चालतो ना गं?"

तिनं माझ्या तोंडासमोर तोंड आणलं, अगदी धाकटीसारखं, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पाती घासतायत, वहिनी. पहिल्यापेक्षा जास्त ओरडतो. मेस्त्री म्हणाला, बाईंना सांगायला भीती वाटते."

बोलताना ती जराही हसली नाही.

तशीच धाकटीकडे गेले. दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. आत दिवा दिसत होता. म्हटलं, बरोबर आहे, माझ्यासारखीला कोण दार उघडेल? आणि तरी राग आलाच. मी एवढी चालत आले, आणि ही आत बसून राहते? दोन्ही हातांनी धडका मारल्या. दार आतून ओढलं गेलं आणि मी तिच्या अंगावर पडता पडता वाचले.

"अहो, किती वेळ ओरडतेय, या, दार लोटलेलंच आहे म्हणून!"

मी उंबऱ्यातच बसले. ती समोर बसली. हातांच्या भेगांना मलम लावत होती, बोटं वेगवेगळी धरून.

मी विचारलं, "किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

ती म्हणाली, "दोन पावसाळे झाले."

"आणि माझा क्रेट?"

"रोज बघायचे. तुम्ही हात धुवायला गेलात की. कधी एखादी सापडायची. मग जास्त सापडायला लागल्या, तेवढ्या वेळात होईना. पहिला माल गेला तो तसा."

"सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं तुला?"

"सांगणार कसं? वहिनी, तुम्ही आधीही कधी कुणाचं ऐकत नव्हतात. नेमकं कधीपासून ऐकू येत नाही ते कळायला मलाच वर्ष लागलं."

मला हसू आलं, आणि त्या हसण्याचाही राग आला. मग तिनं मलमाचं झाकण लावलं आणि म्हणाली, "सासूबाईंना सांगितलं होतं एकदा. महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस आपणहून म्हणाल्या, बस माझ्या शेजारी. बस इतकंच. त्यांचाही क्रेट मीच बघायचे."

मांडीला मांडी लावून.

त्या ओरडायच्या ते आठवत होतं. दार लाव. दिवा मालव. मला वाटायचं, ही बाई माझ्यावर खेकसते. मी मनातल्या मनात उलटून बोलायचे, कधी मोठ्यानंही बोलायचे, आणि त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी समजायचे, माजोरी आहेत.

निघताना विचारलं, "त्या दिवशी टाकीवर काय बोललीस? मान खाली घालून?"

ती नको म्हणाली. मी हट्ट धरला.

"म्हटलं, धागेवाल्यांना माझं नाव सांगा. म्हणावं, धाकटीनं निवडलं होतं, तिला काढून टाकलं. म्हणजे ते तुमच्याकडून माल घेत राहतील. आणि म्हटलं, तुमच्या शेजारी हसरीला बसवा."

हे ती म्हणत होती. मी तिला काय म्हणत होते ते लिहिलेलं नाही. तिनं ऐकलं मात्र होतं सगळं. तिचे कान शाबूत आहेत.

मी माफी मागितली. तिनं "असू दे" म्हटलं नाही. बरं केलं. म्हणाली, "उद्या येते. शेडसाठी येते." दार लावून घेतलं.

६ मार्च

धागेवाले सकाळीच आले. शेडमध्ये छोटी भट्टी मांडली. सगळ्या जणी भोवती.

हा माल आम्ही दोघींनी निवडला. ती बाटली दाबते आणि माझ्याकडे सरकवते, मी उलटी करून बूड बघते, शंका असली तर वाकवून बघते. पीव्हीसी वाकवली की घडीवर पांढरा वळ उठतो. काम निम्म्यानं हळू झालं. धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा मी शिवण असलेली एक बाटली पेटमध्ये टाकता टाकता थांबले, तर पलीकडे न बघता म्हणाली, "काय हो, बूड बघणारी?" तोंड माझ्याकडे करून, सगळं नीट कळेल असं. हसली नाही. पण म्हणाली.

धागेवाल्यांनी ट्रे बाहेर काढला. चुरा पांढरट झाला होता. त्यांनी खिशातून भिंग काढलं, काडीनं दाणे सारून सारून बघितलं. त्यांचे ओठ हलले. मी धाकटीकडे बघितलं.

"पाठवा म्हणतायत," ती म्हणाली.

बायांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात. हात तसे दिसले.

धागेवाले गेल्यावर हसरी नाचत ग्राइंडरजवळ गेली, तो चालू केला, आणि बघते तर तिच्या कानात कापूस नाही. मी अशी ओरडले की यंत्राजवळची ती दचकून मागे सरली. घाबरली बिचारी. घाबरू दे. मेस्त्रीला बोलावलंय, पाती आजच बदलायची, यंत्राभोवती भिंत घालायची, आणि प्रत्येकीला कानावर घालायची ती जाड झाकणं आणायची. जी घालणार नाही तिला शेडमध्ये पाऊल ठेवू देणार नाही. हे म्हणाले, "अगं हळू, रक्तदाब." म्हटलं, चढू दे. सासूबाईंचे कान ह्या यंत्रानं खाल्ले, माझे खाल्ले, आणि आम्ही दोघी एकमेकींशी भांडत बसलो. इतकी वर्षं राग चुकीच्या माणसांवर वाया घालवला. आता जरा योग्य ठिकाणी खर्च करते.

उद्या लेक मला कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. कार्ड तिनं जपून ठेवलं होतं.

दुपारी यंत्र बंद केल्यावर पायरीवर बसले. धाकटी चहा घेऊन आली. शेजारी बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली. मी तिला विचारलं, "चिमण्या आहेत का गं?"

तिनं वर बोट दाखवलं. पत्र्याच्या कडेला ओळीनं बसल्या होत्या. एक अगदी जवळ, खिडकीच्या गजावर. अंग फुगवून, मान उंच करून, चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती.

चहा गार होईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. मग धाकटी खाली बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून.